गॅस पाइपलाइनचं ऑडिट, विखुरलेल्या नोंदी आणि सॉफ्टवेअर: बडोद्याहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. बडोद्याच्या आसपास गॅस वितरणाचं जाळं सांभाळणाऱ्या कंपनीत तुम्ही ऑपरेशन-मेंटेनन्स बघता. स्टीलची मुख्य लाइन आहे, डीआरएस म्हणजे गॅसचं प्रेशर कमी करणारी स्टेशनं आहेत, पुढे सोसायट्यांपर्यंत एमडीपीईच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांचं जाळं आहे. मागच्या त्रयस्थ ऑडिटमध्ये बऱ्याच मुद्द्यांवर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असा शेरा पडला. पुढचं ऑडिट चार महिन्यांवर आलंय. वरिष्ठांनी सॉफ्टवेअरसाठी पैसे मंजूर केलेत, तीन विक्रेत्यांचे डेमो झालेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, जुनी सगळी कागदपत्रं स्कॅन करावीत का, आणि नोंदी भरायला वेगळा डेटा एंट्री ऑपरेटर ठेवावा का.

तिन्हींची उत्तरं देतो, पण या क्रमाने नाही. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं: ‘कामं सगळी होतात, फक्त दाखवता येत नाहीत.’ खरा प्रश्न तिथे आहे. पाइपलाइन जमिनीखाली असते. ती कशी आहे हे आपल्याला नोंदींवरूनच कळतं, डोळ्यांना फक्त मार्कर दिसतो. म्हणून जे काम दाखवता येत नाही, ते पुढच्या इंजिनिअरसाठी झालेलंच नसतं. ऑडिटर चार दिवसांनी निघून जातो. तुमच्या जागी पाच वर्षांनी येणारा माणूस मात्र त्याच नोंदींवर विसंबून प्रेशर वाढवायचं की कमी करायचं ते ठरवणार असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या लाइनमध्ये स्टील किती आणि एमडीपीई किती, जाळं किती जुनं, फिल्डवरची माणसं कंपनीची की ठेकेदाराची, जीआयएस, म्हणजे जाळ्याचा संगणकीय नकाशा, आधीपासून आहे की नाही, यावर सल्ला बदलतो. बडोद्यात घराघरांत पाइपने गॅस १९७०च्या दशकापासून आहे. इतक्या जुन्या भागातली एखादी लाइन तुमच्याकडे आली असेल, तर जुन्या कागदांचा प्रश्न शहराच्या कडेला भायलीकडच्या नव्या लाइनपेक्षा वेगळा असणार. तुम्ही हे तपशील दिले नाहीत, म्हणून मी मिश्र जाळं धरून लिहितोय.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीत असणारच. पीएनजीआरबीचा, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६चा. शहरी गॅस वितरणाचे तांत्रिक आणि सुरक्षा मानकांचे नियम, ज्यांना आपण सगळे टी-फोर-एस म्हणतो, ते २००८चे. आपत्कालीन आराखड्याचे, म्हणजे ईआरडीएमपीचे नियम २०१०चे. इंटेग्रिटी मॅनेजमेंट सिस्टीमचे, म्हणजे पाइपलाइन धडधाकट ठेवण्याच्या पद्धतीचे नियम मोठ्या नैसर्गिक वायू पाइपलाइनसाठी २०१२चे आणि शहरी वितरणासाठी २०१३चे. सीएनजी स्टेशन तुमच्याकडे असेल तर पेसोचे, म्हणजे स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे परवाने वेगळे, आणि तिथल्या कॅस्केडना, म्हणजे सिलिंडरांच्या संचांना, गॅस सिलिंडर नियम २०१६ लागतात. या सगळ्यांचा एकच तक्ता करा. एका रकान्यात काम, दुसऱ्यात ते किती दिवसांनी करायचं, तिसऱ्यात नियमातलं कलम, चौथ्यात जबाबदार माणसाचं नाव, आणि पाचव्यात ‘झाल्याचा पुरावा म्हणजे नेमका कुठला कागद’. हा पाचवा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि अडचण नेमकी तिथून सुरू होते. नियमांत सुधारणा होत राहतात, म्हणून कलम आणि मुदत मूळ अधिसूचनेवरून भरा, जुन्या ऑडिट रिपोर्टवरून उतरवू नका.

आता धाग्याची गोष्ट. चांगला ऑडिटर फाइलींचा ढीग बघत बसत नाही. तो एक टोक पकडतो आणि ओढत जातो. स्टीलची लाइन गंजू नये म्हणून तिला सौम्य वीजप्रवाह देतात, त्याला सीपी म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात; समजा त्याने त्याचं माप घेण्याचा एक खांब, म्हणजे टीएलपी निवडला. तो विचारेल, इथलं शेवटचं पीएसपी रीडिंग, म्हणजे मातीच्या तुलनेत पाइपचं व्होल्टेज काय? तुम्ही सांगाल, उणे ७८० मिलिव्होल्ट. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या संदर्भात उणे ८५० हा नेहमीचा निकष, म्हणजे हे रीडिंग कमी पडलं. मग प्रश्न येतात. ऑन रीडिंग होतं की ऑफ, म्हणजे प्रवाह चालू असताना घेतलं की क्षणभर बंद करून? कुणी घेतलं? मीटरचं कॅलिब्रेशन त्या दिवशी वैध होतं का? इलेक्ट्रोड शेवटचा कधी तपासला? रीडिंग कमी आल्यावर कुणाला कळवलं, आणि त्याने काय केलं? टीआर युनिटचं, म्हणजे हा प्रवाह देणाऱ्या यंत्राचं आउटपुट बदललं असेल तर ते कुणाच्या परवानगीने? बदलल्यानंतर पुन्हा रीडिंग घेतलं का? आणि या टीएलपीवर याआधी असं झालं होतं का?

माझ्या अनुभवात पहिल्या चार प्रश्नांपर्यंत बहुतेक ठिकाणी धागा टिकतो. तुटतो तो ‘दोष सापडला’ आणि ‘दोष दुरुस्त झाला’ यांच्यामध्ये. रीडिंगचं रजिस्टर सीपीवाल्याकडे, दुरुस्तीची वर्क ऑर्डर मेंटेनन्सकडे, खोदकामाचं परमिट सेफ्टीकडे, ठेकेदाराचं बिल अकाउंट्समध्ये. चारही कागद खरे असतात, पण हे चारही एकाच दोषाबद्दल आहेत असं सांगणारा एकही आकडा त्यांच्यावर नसतो. म्हणून सॉफ्टवेअर आणण्याआधी एक साधी गोष्ट करा. दोष सापडला त्या क्षणी त्याला एक क्रमांक द्या, आणि तो क्रमांक परमिटवर, वर्क ऑर्डरवर, फोटोवर, बिलावर, पुन्हा घेतलेल्या रीडिंगवर लिहिणं सक्तीचं करा. याला पैसे लागत नाहीत. तुमच्या मागच्या ऑडिटमधले ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’वाले शेरे पुन्हा वाचून बघा. त्यातल्या कितीतरी ठिकाणी रेकॉर्ड असेल, जोडणी नसेल.

रीडिंगबद्दल आणखी एक सांगतो, कारण इथली जमीन मी ओळखतो. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते. कोरड्या मातीवर इलेक्ट्रोड ठेवला की संपर्क नीट होत नाही, आकडा डळमळतो. जाणता टेक्निशियन आधी पाणी ओततो, थांबतो, मग वाचतो. दुसरा तसाच वाचतो. दोघांची रीडिंग एकाच रकान्यात एकाखाली एक पडतात, आणि वर्षभराचा आलेख काढला की वाटतं, पाइपवरचं कोटिंग बिघडलंय. फॉर्मवर ‘माती: कोरडी / ओली / पाणी ओतून’ एवढा एक रकाना घातला तर हा गोंधळ संपतो. तसंच जवळून हाय टेन्शन लाइन किंवा रेल्वे जात असेल, तर डीसीबरोबर एसी व्होल्टेजचा रकाना हवाच. २५ किलोव्होल्टच्या रेल्वे विद्युतीकरणाला समांतर जाणाऱ्या पट्ट्यात एसी इंटरफिअरन्सची, म्हणजे बाहेरून पाइपमध्ये येणाऱ्या एसी व्होल्टेजची नोंद नसणं हे मी मोठी उणीव मानतो. कुठल्याही विक्रेत्याच्या तयार फॉर्मवर हे असेलच असं नाही. फॉर्म तुम्ही ठरवायचा, तुमच्या सीपी टेक्निशियनला शेजारी बसवून.

यातून भाषेचा मुद्दा निघतो. आपण घरी मराठी बोलतो, रिपोर्ट इंग्रजीत लिहितो, आणि लाइनवॉकर, म्हणजे लाइनवरून चालत पाहणी करणारा माणूस, गुजराती असतो. मी पाहिलेल्या कितीतरी पेट्रोलिंग रजिस्टरांत पानभर प्रत्येक ओळीत एकच शेरा असतो: ‘बराबर छे’, म्हणजे ठीक आहे. त्या माणसाला आळशी म्हणू नका. फॉर्म इंग्रजीत आहे, रकाना ‘रिमार्क्स’ असा आहे, आणि त्यात काय लिहायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच माणसाला चहा पाजून बसवलं तर तो सांगतो, अमक्या शेतात नवीन बोअर मारायची तयारी चालू आहे, तमक्या सोसायटीच्या बिल्डरने मार्कर उपटून बाजूला ठेवलाय, नाल्याकाठची माती दरवर्षीपेक्षा जास्त खचलीय. पाइपलाइनसाठी सर्वांत मौल्यवान माहिती हीच, आणि ती कुठेही लिहिली जात नाही. फॉर्म गुजरातीत छापा. ‘रिमार्क्स’ काढा आणि त्या जागी सरळ प्रश्न विचारा: रस्त्यात जेसीबी दिसला का? मार्कर जागेवर आहे का? नवीन बांधकाम, विहीर, झाड? गॅसचा वास? माती खचली? आणि शेवटी, गावात कुणाशी बोललात? अ‍ॅप घेतलंत तर आवाजात नोंद करण्याची सोय बघा. बोलायला तो तयार असतो, लिहायला नसतो.

जीपीएसवाल्या पेट्रोलिंगवर फार विसंबू नका. नकाशावरची रेघ पूर्ण दिसली म्हणजे माणूस चालला, एवढा अर्थ त्यातून निघत नाही. उपकरण मोटारसायकलवरूनही तीच रेघ काढतं. वेग तपासा. चालणाऱ्या माणसाचा वेग आणि थांबण्याच्या जागा वेगळ्या दिसतात. शहरी जाळ्याला खोदकामाचा धोका मोठा असतो. केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप २०२३मध्ये आलं. त्यावरून येणारी प्रत्येक सूचना, तुमच्या फोनवर येणारी प्रत्येक चौकशी आणि लाइनवॉकरने पाहिलेला प्रत्येक जेसीबी एकाच यादीत आले पाहिजेत. तिथे तुमचा माणूस कधी पोचला आणि काम संपेपर्यंत थांबला का, तेही त्यातच. तिन्ही ठिकाणी वेगळ्या याद्या ठेवल्या की कुठला ठेकेदार न विचारता खोदतो हे कधीच कळत नाही.

आता ओळख क्रमांकांकडे येतो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सॉफ्टवेअर यशस्वी होणार की पडणार हे इथे ठरतं. बहुतेक जुन्या नोंदी चेनेजवर, म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर असतात, ‘चेनेज ४.२००ला गळती’ अशा. मग रस्ता रुंद होतो, लाइनचा एक तुकडा वळवला जातो, आणि पुढचे सगळे चेनेज सरकतात. जुन्या रजिस्टरातला ४.२०० आणि आजचा ४.२०० वेगळ्या जागा होतात. म्हणून प्रत्येक टीएलपी, व्हॉल्व्ह, डीआरएस, क्रॉसिंग, केसिंग आणि मार्करला न बदलणारा क्रमांक द्या. चेनेज हा त्या वस्तूचा एक बदलू शकणारा गुण म्हणून ठेवा, तारखेसह. जुनी नोंद आत घेताना तिचा मूळ चेनेज तसाच राहू द्या आणि शेजारी नवा क्रमांक लिहा. मूळ आकडा पुसून ‘दुरुस्त’ करू नका.

मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार अशा दाट भागात फोनचं जीपीएस काही मीटरने चुकतं, आणि तिथे काही मीटर म्हणजे समोरच्या घराची भिंत. तिथे आजही सर्वांत भरवशाची नोंद म्हणजे पक्क्या खुणेपासून टेपने मोजलेलं अंतर: देवळाच्या ओट्याचा कोपरा, विजेचा खांब, जुन्या वाड्याचा दगडी जोता. निदान दोन खुणांपासून मोजा, म्हणजे एक पाडली गेली तरी दुसरी उरते. खोलीही लिहा, आणि कुठून मोजली तेही लिहा. रस्त्यावर डांबराचे दोन थर चढले की एक मीटरची खोली एक मीटरहून जास्त होते, आणि मागच्या माणसाने खोटं लिहिलं असं वाटतं.

दुसरा प्रश्न: जुनी कागदपत्रं सगळी स्कॅन करायची का? नाही. निदान सगळी आधी नाही. कारण सांगायला एका अपघाताची आठवण करून देतो. ९ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावात ३० इंची गॅस पाइपलाइन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं नष्ट झाली. ती लाइन १९५६ची होती. कंपनीच्या रेकॉर्डवर त्या जागी जोड नसलेला, म्हणजे सीमलेस पाइप होता. तपासात निघालं की तिथे लांबीला वेल्ड केलेले आखूड तुकडे होते आणि त्यांतले काही वेल्ड अर्धवट होते. म्हणजे रेकॉर्ड होतं, संगणकात होतं, आणि चुकीचं होतं. अपघातानंतर कंपनीने आपली कागदपत्रं खोक्यांत भरून काउ पॅलेस नावाच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये नेली आणि एकेक कागद तपासायला माणसं बसवली. २०१५मध्ये राज्याच्या नियामकाने १६० कोटी डॉलरचा दंड केला. अमेरिकी नियामकांनी त्यातून रेकॉर्डसाठी तीन कसोट्या पुढे आणल्या: उगमापर्यंत पोचता आलं पाहिजे, दुसऱ्या स्वतंत्र कागदावरून पडताळता आलं पाहिजे, आणि ते पूर्ण असलं पाहिजे, म्हणजे सही, तारीख आणि शेवटासह.

हे नियम आपल्याला लागू नाहीत, पण कसोट्या अगदी उपयोगी आहेत. त्या लावून जुन्या कागदांचे थर करा. ज्या कागदांवर आजचं कमाल प्रेशर उभं आहे ते सर्वांत वर: पाइपच्या कारखान्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि पोलादाच्या घाण्याचा हीट नंबर, वेल्ड बुक आणि रेडिओग्राफीचे रिपोर्ट, पाण्याच्या दाबाने घेतलेल्या हायड्रोटेस्टचा चार्ट, त्या दिवशी वापरलेल्या प्रेशर रेकॉर्डरचं कॅलिब्रेशन, कोटिंगमधली छिद्रं शोधणाऱ्या होलिडे टेस्टचे रिपोर्ट, प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचं एज-बिल्ट ड्रॉइंग. एमडीपीईसाठी इलेक्ट्रोफ्यूजनच्या, म्हणजे विजेच्या उष्णतेने जोडलेल्या सांध्यांच्या नोंदी. मशीनमध्ये बारकोड, फ्यूजनचा वेळ, वेल्डरचा क्रमांक साठलेला असतो, आणि ठेकेदार मशीन घेऊन गेला की तो डेटाही जातो. हा डेटा बिल पास होण्याआधी मागून घेण्याची अट करारात घाला. त्याखालच्या थरात रेल्वे, कॅनॉल, हायवे, नदी क्रॉसिंगच्या परवानग्या आणि १९६२च्या पी अँड एमपी, म्हणजे पेट्रोलियम अँड मिनरल्स पाइपलाइन्स कायद्याखालची आरओयूची, म्हणजे जमीन वापरण्याच्या हक्काची कागदपत्रं, जिथे लागू असतील तिथे. दहा वर्षांपूर्वीची रोजची लॉगशीट सर्वांत खाली. ती खोक्यात नीट ठेवा, वर तारखा लिहा, आणि किती काळ जपायची हे लेखी ठरवा.

स्कॅन करताना प्रत्येक कागदाशेजारी लिहा: मूळ प्रत आहे, झेरॉक्स आहे, की कुणीतरी नंतर टाइप केलेला तक्ता आहे. आणि जिथे काही सापडत नाही तिथे रकाना रिकामा न सोडता ‘माहीत नाही’ असं लिहा. याला घाबरू नका. इंटेग्रिटीचं काम ज्या एएसएमई बी३१.८एस या अमेरिकी मानकाच्या धर्तीवर चालतं, त्यात धोक्यांचे नऊ गट आहेत, आणि माहिती नाही म्हणून एखादा धोका यादीतून वगळता येत नाही. माहिती नसेल तर वाईट बाजूने गृहीत धरायचं. म्हणजे कोटिंग कुठलं आहे ते माहीत नसेल, तर ते चांगलं आहे असं धरायचा अधिकार आपल्याला नाही. ‘माहीत नाही’ची प्रामाणिक यादी हीच पुढच्या तपासणीची यादी होते: इथे डीसीव्हीजी, म्हणजे कोटिंगमधले दोष जमिनीवरून शोधणारी चाचणी करा, तिथे खड्डा खोदून बघा.

आतून गंजणाऱ्या लाइनबद्दलही हेच. २७ जून २०१४ला आंध्र प्रदेशात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात गॅस पाइपलाइन फुटून वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या गॅससाठीच्या लाइनमधून ओलसर गॅस जात असणं आणि त्यातून झालेलं गंजणं हे त्यामागे होतं. तेव्हापासून मी कुठल्याही स्टील लाइनचं रेकॉर्ड बघताना एक गोष्ट आधी मागतो: पिगिंग, म्हणजे पाइपमधून सफाईचं उपकरण ढकलणं, झालं तेव्हा पुढे काय निघालं? किती पाणी, किती पूड, तिचं पृथक्करण केलं का? ‘पिगिंग पूर्ण’ एवढीच ओळ असेल तर पिग धावला इतकंच कळतं, पाइपबद्दल काहीच कळत नाही. तुमच्या लाइनमध्ये पिगिंगची सोय नसेल, तर फिल्टरमधून निघालेल्या द्रवाची आणि पुडीची नोंद हा सर्वांत जवळचा पर्याय.

बडोदा ज्या वेगाने पसरतंय त्याबद्दल एक मुद्दा. सेवासी, भायली, वाघोडिया रस्ता इथे कालपर्यंत शेतं होती. लाइनच्या दोन्ही बाजूंची वस्ती वाढली की लोकेशन क्लास बदलतो, आणि क्लासवर डिझाइन फॅक्टर, म्हणजे पाइपच्या ताकदीचा किती हिस्सा वापरायचा ते ठरतं: पहिल्याला ०.७२, दुसऱ्याला ०.६०, तिसऱ्याला ०.५०, चौथ्याला ०.४०. शहरी जाळी बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच चौथ्या वर्गात धरलेली असतात, तिथे धक्का बसत नाही. पण शेतातून येणारी फीडर लाइन तुमच्याकडे असेल तर लोकवस्तीचा सर्व्हे, त्याची तारीख आणि त्यावरून घेतलेला निर्णय हे तिन्ही हवेत. ‘बदल नाही’ हासुद्धा निर्णय आहे, आणि तो कशावरून घेतला ते लिहावं लागतं. बांधकाम परवानग्यांची यादी ठरावीक मुदतीने मागवून सर्व्हेला जोडली तर काम निम्मं होतं.

आणि विश्वामित्री नदी. ऑगस्ट २०२४च्या पुरात तिने २५ फुटांची धोक्याची पातळी खूप मागे टाकली. अशा वेळी दोन वेगळ्या नोंदी लागतात. पूर असतानाची: कुठला डीआरएस किती वाजता बंद केला, कुणाच्या आदेशाने, किती ग्राहकांचा पुरवठा थांबला. आणि पूर ओसरल्यावरची: क्रॉसिंगवर पाइप उघडा पडला का, काठ किती खचला, बुडालेल्या डीआरएसमधले रेग्युलेटर आणि प्रेशर वाढलं की आपोआप बंद होणारे स्लॅम शट व्हॉल्व्ह पुन्हा तपासून कुणी सुरू केले, टीआर युनिटमध्ये पाणी शिरलं का. पहिली नोंद ईआरडीएमपीच्या फाइलमध्ये जाते, दुसरी इंटेग्रिटीच्या. दोघांना घटनेचा एकच क्रमांक द्या. डीआरएसच्या केबिनमध्ये तळाच्या फळीवर एकुलतं एक रजिस्टर ठेवण्याची पद्धत बडोद्यात तरी आजच बंद करा.

आता सॉफ्टवेअर. मी कुठल्याही विक्रेत्याचं नाव सांगणार नाही, कारण तुमचे तिन्ही डेमो त्यांच्या डेटावर झाले असणार आणि त्या डेटावर सगळंच सुंदर दिसतं. तुम्ही त्यांना तुमचा एक खरा तुकडा द्या: एक डीआरएस, त्याला जोडलेली काही किलोमीटर लाइन, तिचे टीएलपी, मागच्या दोन वर्षांची जशीच्या तशी अस्ताव्यस्त रजिस्टरं. आणि सांगा, वर सांगितलेला धागा आम्हाला ओढून दाखवा. जो विक्रेता ‘आधी तुमचा डेटा साफ करून द्या’ म्हणेल, त्याला साफ करायला काय लागेल ते लेखी विचारा. खरा खर्च तिथे असतो.

माझ्यासाठी काही गोष्टींवर तडजोड नाही. नेटवर्क नसताना फिल्डवर नोंद झाली पाहिजे, आणि नोंद केल्याची वेळ व सर्व्हरवर पोचल्याची वेळ दोन्ही वेगळ्या जपल्या गेल्या पाहिजेत. एकदा भरलेला आकडा बदलला तर जुना आकडा, बदलणारा माणूस आणि कारण कायम दिसलं पाहिजे, अगदी अ‍ॅडमिननेही तो इतिहास पुसता कामा नये. प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन हवं. ‘शिफ्ट१’ नावाने पाच जण लॉगिन करत असतील तर त्या नोंदीला सही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो, पण ती नोंद कुणी केली आणि नंतर बदलली नाही हे दाखवायची जबाबदारी तुमचीच राहते. स्काडाचं, म्हणजे जाळ्यावर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणकीय यंत्रणेचं घड्याळ आणि या सॉफ्टवेअरचं घड्याळ जुळलं पाहिजे, नाहीतर घटनेनंतर ‘आधी प्रेशर पडलं की आधी व्हॉल्व्ह बंद केला’ यावर वाद होतो. आणि करार संपला तर सगळा डेटा, फोटो आणि बदलांच्या इतिहासासह, कुठल्याही साध्या फॉरमॅटमध्ये परत मिळाला पाहिजे. हे कलम करारात नसेल तर सही करू नका.

जाळं लहान असेल, आणि जीआयएस आधीच असेल, तर खरं सांगतो, शिस्तीने ठेवलेली एक्सेल आणि क्रमांकांची पद्धत यावर तुम्ही पुढचं वर्ष काढू शकता. चार महिन्यांत नवी प्रणाली बसवून, माणसांना शिकवून, जुना डेटा भरून ऑडिटला सामोरं जाणं मला धोक्याचं वाटतं. अर्धा डेटा जुन्यात आणि अर्धा नव्यात असताना ऑडिटर आला, तर आज जे दाखवता येतंय तेही दाखवता येणार नाही.

मग या चार महिन्यांत काय? पहिल्या महिन्यात पाच रकान्यांचा तक्ता आणि ओळख क्रमांक. दुसऱ्यात मागच्या ऑडिटचा प्रत्येक शेरा घेऊन त्याचा धागा जोडणं: कागद आहे पण जोडणी नाही, की काम झालं पण कागद नाही, की कामच झालं नाही. तिसऱ्या प्रकारातली कामं लगेच करून घ्या, आजच्या तारखेने. दुसऱ्या प्रकाराबद्दल फार दबाव येईल. कुणीतरी म्हणेल, काम तर झालंय ना, मागची तारीख टाकून रजिस्टर भरून घ्या. हे करू नका आणि तुमच्या हाताखालच्या कुणालाही करायला लावू नका. नियम मोडतो हे एक. त्याहून वाईट म्हणजे मागून भरलेलं रीडिंग पुढे आलेखात खऱ्या रीडिंगशेजारी बसतं, आणि एक दिवस कुणीतरी त्यावरून ठरवतं की इथे खोदून बघायची गरज नाही. त्या जागी लिहा: या तिमाहीची नोंद उपलब्ध नाही, अमुक तारखेला पुन्हा तपासणी केली, निष्कर्ष असा. ऑडिटरना अशी पानं दिसली की ते बाकीच्या पानांवर जास्त विश्वास ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलंय. तिसऱ्या महिन्यात तुमच्याच दुसऱ्या विभागातला एक माणूस ऑडिटर करून बसवा आणि त्याला कुठलेही दहा धागे ओढायला सांगा. तुटले ते चौथ्या महिन्यात जोडा.

राहिला डेटा एंट्री ऑपरेटरचा प्रश्न. मी ठेवणार नाही. ज्याने रीडिंग घेतलं त्यानेच, त्याच जागी, त्याच वेळी ते नोंदवावं. मध्ये टाइप करणारा माणूस आला की उणे ८५०चा उणे ५८० होतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याला आकड्याचा अर्थ माहीत नसतो. तो पगार एका जास्तीच्या सीपी टेक्निशियनवर खर्च करा, किंवा अशा माणसावर जो दर आठवड्याला आलेल्या नोंदी वाचेल, विचित्र आकडा दिसला की त्याच दिवशी फिल्डवर फोन करेल, आणि लाइनवॉकरने सांगितलेल्या बोअरचं पुढे काय झालं ते त्याला परत कळवेल. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं हे लाइनवॉकरला एकदा दिसलं, की ‘बराबर छे’ आपोआप कमी होतं. तुमच्या जाळ्याची लांबी, स्टील-एमडीपीईचं प्रमाण आणि मागच्या ऑडिटचे शेरे, कंपनीचं नाव काढून, पाठवलेत तर पाच रकान्यांचा तक्ता तुमच्यासाठी कसा असावा ते मी आणखी नेमकं सांगू शकेन.